भुऱ्या न गुरगुरता का चावला?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातल्या एका गावात राहतो. पुढे खळं, मागे कलमांची बाग. आमचा भुऱ्या चार वर्षांचा गावठी कुत्रा. लहान असताना मोकळा असायचा, सगळ्यांच्या पायांत घुटमळायचा. वर्षाचा झाल्यावर त्याने शेजाऱ्यांची कोंबडी धरली, तेव्हा सासऱ्यांनी त्याला पडवीच्या खांबाला बांधला. तो आजतागायत बांधलेलाच आहे. बांधलेला कुत्रा तिखट होतो, राखणीला चांगला, असं ते म्हणतात. आता तो रात्रभर भुंकतो. मासेवाल्या मावशी आल्या की साखळी तोडायला बघतो, एकदा त्यांचं लुगडं फाडलं. पूर्वी गुरगुरायचा, तेव्हा हे काठीने मारायचे, धाक हवा म्हणून. आता गुरगुरत नाही. गणपतीत मुंबईहून आलेला नऊ वर्षांचा पुतण्या भुऱ्या जेवत असताना त्याच्या गळ्यात पडायला गेला आणि भुऱ्याने काहीएक न दाखवता हाताला चावा घेतला. रक्त आलं. घरच्यांनी हळद दाबली. दीर म्हणतात, लांब बंदरावर नेऊन सोडा. मला ते करवत नाही. मे महिन्यात सगळी मंडळी पुन्हा येतील. भुऱ्या बिघडलाय का? सुधारेल का?

– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर

प्रिय ताई,

आधी पुतण्याचं बोलू. गणपतीला काही महिने उलटले आणि भुऱ्या धडधाकट आहे, म्हणजे त्या चाव्यातून रेबीजची भीती उरलेली नाही. चावलेला कुत्रा पुढचे दहा दिवस ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं मानतात. पण त्या दिवशी हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि हळद दाबून पोराला तसंच ठेवलं हे वाचून मी हादरले. पुन्हा कधी, कोणालाही, कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट, चहापूड काहीही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं, ते आवर्जून विचारा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायचीच, पण लसीसाठी ते दहा दिवस थांबायचं नाही. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही; त्याआधी लस घेतली तर वाचतो. पाश्चरने १८८५ साली ही लस पहिल्यांदा दिली ती जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला, म्हणजे तुमच्या पुतण्याच्याच वयाच्या. तो वाचला. त्याला आता सुमारे १४० वर्षं झाली, तरी आपल्याकडे अजून जखमेवर हळदच पडते.

भुऱ्याला रेबीजची लस दिली आहे का, ते पत्रात नाही. दिली नसेल तर याच आठवड्यात द्या, आणि पुढे दर वर्षी. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

आता तुमचा प्रश्न. भुऱ्या बिघडलेला नाही. तुम्ही पत्रात लिहिलेली एकेक गोष्ट पुन्हा वाचली तर तो का चावला याचं उत्तर तुमच्याच शब्दांत सापडतं: तो बांधलेला होता, तो जेवत होता, आणि गुरगुरण्याबद्दल त्याने मार खाल्लेला होता.

कुत्र्याला एखादं माणूस जवळ नको असतं तेव्हा तो चावण्यापासून सुरुवात करत नाही. चावणं त्याच्यासाठीही धोक्याचं असतं. त्याची पहिली निवड अगदी साधी असते: उठून बाजूला जाणं. मोकळा कुत्रा दिवसातून कितीतरी वेळा हे करतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. पोरं दंगा करायला लागली की तो खळ्यातून उठतो आणि माडाखाली जाऊन बसतो, विषय संपला. बाजूला जाता आलं नाही तर तो तोंड फिरवतो, जीभ बाहेर काढून नाक चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, कान मागे पाडतो. तरीही माणूस जवळच येत राहिलं तर अंग ताठ करतो, खाता खाता थांबतो, मान न वळवता डोळ्याच्या कडेने बघतो, इतका की डोळ्यातलं पांढरं दिसतं. मग गुरगुर. मग दात दाखवणं. मग हवेत तोंड मारणं, जे लोकांना चुकलेला चावा वाटतं. कुत्र्याचा नेम असा चुकत नाही. ती शेवटची ताकीद असते.

भुऱ्याच्या या वाटेवरची पहिली पायरी साखळीने काढून घेतली. त्याला बाजूला जाताच येत नाही. नको असलेलं माणूस कितीही जवळ आलं तरी तो त्या खांबाशीच. मग उरली गुरगुर, ती काठीने काढून घेतली. लक्षात घ्या, काठीने त्याची भीती गेली नाही, ती सांगण्याची सोय तेवढी गेली. गुरगुरलं की मार बसतो हे तो शिकला, म्हणून गुरगुरणं सोडलं. पण आतली घालमेल जिथल्या तिथे, उलट माणूस जवळ येणं म्हणजे काठी हेही त्यात जोडलं गेलं. असा कुत्रा ताटाशी असताना एक पोरगं त्याच्या गळ्यात पडलं. चावणं सोडून त्याच्यापाशी उरलं काय होतं?

म्हणून माझी सगळ्यांत पहिली विनंती तुमच्या यजमानांना आहे. काठी आजपासून बंद. आणि भुऱ्या पुन्हा गुरगुरायला लागला तर ती चांगली बातमी समजा. गुरगुरला की जिथे आहात तिथेच थांबा, डोळ्याला डोळा न देता मागे या, आणि तो कशाला गुरगुरला ते मनाशी नोंदवून ठेवा. यात त्याचे लाड होत नाहीत. घरातल्या पोरांना वाचवणारी सूचना तुम्ही परत मिळवत आहात.

धाकाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ही समजूत फार खोल रुजली आहे. कुत्रा घरात वरचढ व्हायला बघतो, त्याला दाबून ठेवावं लागतं, ही कल्पना लांडग्यांच्या अभ्यासातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र कोंबलेल्या, एकमेकांना परक्या असलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या पाहून ती मांडली. पुढे डेव्हिड मेक यांच्या लिखाणातून ती जगभर पोचली. याच मेक यांनी रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब; तिथे गादीसाठी झुंजी चालत नाहीत. म्हणजे लांडग्यांच्याच बाबतीत जे खरं नव्हतं ते आपण कुत्र्यांना लावत आलो. मार देऊन काय होतं तेही पाहिलं गेलं आहे. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तेव्हा कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांनी सांगितलं की त्याने कुत्रा उलट अंगावर आला. तुमच्या घरात तेच झालं, फक्त ते अंगावर येणं काठी धरणाऱ्याच्या वाट्याला न येता पोराच्या वाट्याला आलं.

पुढचं पाऊल पशुवैद्याकडे. भुऱ्याला काही दुखतंय का हे बघितल्याशिवाय शिकवण्याच्या गोष्टी करू नका. दुखऱ्या कुत्र्याला हात नको असतो, आणि आपल्या हवेत दुखायला कारणं पुष्कळ. पावसाळ्याच्या दमटीत कान आतून सडतात, वास येतो, कुत्रा डोकं झटकत राहतो. गोचिडांमुळे ताप येतो, अंगात रक्त कमी होतं, कुत्रा मलूल तरी होतो नाहीतर चिडका. वर्षानुवर्षं तोच पट्टा असेल तर मानेखालचे केस बाजूला करून बघायला सांगा; तिथे घासून जखमा होतात आणि पावसात त्यांत अळ्या पडतात. दातही बघू द्या. पशुवैद्यांना आधीच सांगा की हा चावलेला आहे, लपवू नका. लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, लसीचंही त्यांच्याशी बोला. आपल्याकडे पावसात तुंबलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, तो कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्यामार्फत घरात येऊ शकतो. नसबंदीबद्दल विचाराल म्हणून सांगते: त्याने कुत्र्यांची भटकंती आणि माद्यांमागची मारामारी कमी होते, ती करावी असंच माझं मत आहे, पण भीतीपोटी चावणारा कुत्रा केवळ नसबंदीने निवळत नाही. तेवढ्यावर विसंबू नका.

आता साखळी. सासऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आंब्याच्या दिवसांत माकडांनी किती नुकसान केलं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय, त्यांना राखणदार हवा आहे. पण खांबाला बांधलेला भुऱ्या राखण करत नाही. बागेत माकडं उतरली तर तो पडवीतून भुंकण्यापलीकडे काय करणार? आणि तो सगळ्यांवरच भुंकतो: मासेवालीवर, पोस्टमनवर, वाऱ्याने पडलेल्या झावळीवर, लांबच्या कोल्हेकुईवर. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याकडे शेवटी घरातलं कोणीच लक्ष देत नाही, मग खरा चोर आला तरी कळणार कसं? त्याला रात्री एखादा आवाज आला, वास आला, तर जाऊन बघताही येत नाही आणि आडोशालाही जाता येत नाही. भुंकणं एवढंच त्याच्या हाती आहे.

आणि बिबट्या. तुमच्या भागात तो फिरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेय आणि सहकाऱ्यांनी घाटावर, अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. उघड्या पडवीत साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही आणि लपूही शकत नाही. रात्री भुऱ्याला बाहेर बांधणं म्हणजे बिबट्याला दारापर्यंत बोलावणं, आणि त्याच दारातून पहाटे घरातली माणसं बाहेर पडतात. सासऱ्यांशी बोलताना मी सुरुवात इथून करेन. कुत्र्याच्या मनाच्या गोष्टी त्यांना पटोत न पटोत, बिबट्याचं पटेल.

कायद्याचं एक वाक्य तेवढं सांगून ठेवते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६०चा आहे; तो यावा म्हणून राज्यसभेत झटल्या त्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल. त्याच्या अकराव्या कलमात फार आखूड किंवा जड साखळीने जनावर फार काळ बांधून ठेवणं, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला हिंडूफिरू न देणं, या दोन्ही गोष्टी क्रूरतेत मोडतात. उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकून देणंही त्याच कलमात आहे, तेव्हा दिरांनी सुचवलेला बंदराचा मार्ग तिथेच बंद होतो. त्यापलीकडे, बंदरावर आधीच कुत्र्यांच्या टोळ्या असतात. तीन वर्षं एका खांबाशी काढलेला, माणसाला घाबरून चावणारा कुत्रा तिथे सोडला तर एक तर तो फाडला जाईल नाहीतर तो दुसऱ्या कोणाच्या तरी पोराला चावेल.

मग करायचं काय? घरामागे परसात चिऱ्याचा गडगा असेलच. तो उंच करून किंवा वर जाळी मारून थोडी जागा बंदिस्त करा. फार मोठी नको, पण त्याला धावता यावं, सावलीत जाता यावं, पाणी असावं, आणि मुख्य म्हणजे वाटेवरून जाणारी माणसं दिवसभर डोळ्यांसमोर नसावीत. जाणारा-येणारा दिसत राहिला की कुत्रा दिवसभर धुमसतो. मार्चपासून पत्र्याखाली ठेवू नका, पत्रा तापतो. झावळ्यांचा मांडव बरा. हे होईपर्यंत दोन झाडांमध्ये तार ओढून तिच्यावर सरकणारी कडी आणि तिला लांब दावं, एवढी सोय करता येईल. खांबापेक्षा ते बरं, पण तोही बांधलेलाच कुत्रा. तिथे त्याला एकटा सोडून पोरं जवळ जाऊ देऊ नका आणि हीच कायमची सोय समजू नका. रात्री मात्र तो दार लागणाऱ्या खोलीतच हवा. लाकडं-शेणी ठेवायची कोठी चालेल, जुना गोठा चालेल, फक्त दार भक्कम हवं. पहिल्या काही रात्री केकाटेल. त्याची गोणपाटाची जागा आत न्या, जेवण आत द्या, सासरे किंवा तुम्ही थोडा वेळ तिथे बसा.

त्यानंतर फिरणं, आणि माझ्या मते सगळं पत्र बाजूला ठेवून एवढी एकच गोष्ट केलीत तरी भुऱ्यात फरक दिसेल. तीन वर्षं ज्याने साखळीच्या टप्प्यातलीच जमीन हुंगली आहे त्याला रोज सकाळी बागेत न्या. गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा पट्टा घ्या आणि त्याला पंधरा-वीस हात लांब दोरी. ओढाताण नको, चालायची घाईही नको. त्याला हुंगू द्या. एका कलमाच्या बुंध्याशी पाच मिनिटं नाक खुपसून उभा राहिला तर राहू द्या; रात्री कोण आलं, कुठून गेलं हे सगळं तो तिथे वाचत असतो, आणि हुंगण्याने कुत्रा दमतो, निवतो. हे काम सासऱ्यांकडे द्या. ते तसेही सकाळी बागेत जातातच. वाद घालून साखळी सोडवण्यापेक्षा, “बाबा, उद्या त्याला तुमच्याबरोबर न्याल का? माकडांवर जरा भुंकेल,” असं विचारा. कुत्र्याच्या वासाने आणि वावराने माकडं बिचकतात हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. फक्त दोरी सोडून माकडांच्या अंगावर घालू नये. मोठा हुप्प्या कुत्र्याला फाडतो.

माकडं हाकलायला बागेत फटाके किंवा बंदुकीचे बार काढत असाल तर त्या वेळी भुऱ्या घरात, आतल्या खोलीत हवा. बांधलेल्या कुत्र्याजवळ फटाका वाजला तर त्याला पळताही येत नाही, आणि त्या आवाजाची धास्ती त्या वेळी समोर असलेल्या माणसाला चिकटते. समुद्रकाठी पुळणीवर नेणार असाल तर तिथे नजर ठेवा. जाळ्यातून काढून टाकलेले केंड मासे पुळणीवर पडलेले असतात, ते विषारी. कुत्र्याने खाल्ले तर जिवावर बेततं. गळाचे तुटके आकडेही असतात. खारं पाणी पिऊ देऊ नका, सोबत गोडं पाणी न्या. दुपारी सड्यावर नेऊ नका. कातळावर हाताची मागची बाजू सहा-सात सेकंद ठेववली नाही तर त्याचे पायही भाजतात.

मासेवाल्या मावशींचं काम नाजूक आहे, ते नीट वाचा. भुऱ्याला त्यांचा राग आहे असं दिसतं, पण ती भीती आहे. त्या रोज ओरडत येतात, डोक्यावर मोठी पाटी, तो साखळीच्या टोकापर्यंत धावतो, भुंकतो, मग त्या जातात. त्याच्या हिशेबाने त्याच्या भुंकण्यानेच त्या गेल्या, म्हणून उद्या तो आणखी जोरात भुंकणार. हे उलटवायचं तर त्या दिसल्या की काहीतरी फार चांगलं घडतं असं त्याच्या मनात बसवावं लागेल. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर दाखवलं तेच हे: घंटेपाठोपाठ अन्न येत राहिलं की नुसत्या घंटेने लाळ सुटते. इथे घंटेच्या जागी मावशी.

त्या यायच्या वेळी भुऱ्याला दोरीवर घेऊन इतक्या लांब उभे राहा की त्या त्याला दिसतील, पण तो भुंकणार नाही. आगराच्या टोकाला, कदाचित त्याहून लांब. त्या दिसल्या आणि त्याचे कान उभे राहिले की लगेच उकडलेल्या बांगड्याचा काटा काढलेला तुकडा, किंवा कोंबडीची काळीज-पेटी. त्या दिसत आहेत तोवर एकामागून एक बारीक तुकडे. त्या गेल्या की तुकडे बंद. क्रम चुकवू नका: आधी मावशी, मग मासा. आधी मासा दाखवलात तर मासा म्हणजे धोका येतोय असं तो शिकेल. आणि हे तुकडे त्याला अशा शिकवणीखेरीज एरवी मिळता कामा नयेत. भुंकलाच, तर तुम्ही जास्त जवळ आहात एवढाच अर्थ; न रागावता मागे व्हा. पुष्कळ लोक इथे विचारतात की भुंकणाऱ्याला खाऊ दिला तर भुंकण्याचं बक्षीस होत नाही का. भीती ही ठरवून केलेली गोष्ट नसते. खाऊने ती वाढत नाही, कमी होते.

काही दिवसांनी एक फरक दिसेल. मावशींची हाळी ऐकू आली की भुऱ्या त्यांच्याकडे न बघता तुमच्याकडे बघेल, मासा कुठे म्हणून. तो दिवस आला की दोन पावलं पुढे. एखाद्या दिवशी पुन्हा मागे जावं लागेल, तेही ठीक. मावशींना तेवढं सांगून ठेवा की त्याच्याकडे टक लावून बघू नका, हात पुढे करू नका, आणि प्रेमाने मासा दाखवून जवळ बोलवू नका. मासा हवा म्हणून कुत्रा जवळ येतो, खातो, आणि मग अचानक भानावर येतो की आपण जिला घाबरतो तिच्या अगदी पायाशी आहोत. चावे तिथे होतात. आणि फाटलेल्या लुगड्याच्या जागी त्यांना नवीन लुगडं घेऊन द्या. इतक्या महिन्यांनी का होईना, पण द्या. त्यांची भीतीही खरी आहे, आणि या सगळ्यात त्यांची मदत लागणार आहे.

खाण्याचं थोडक्यात. भात आणि मासे चालतात, पण काटे काढून. शिजलेला काटा घशात, आतड्यात रुततो. आमटी-कालवणातला कांदा देऊ नका, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुक्या माशांत मीठ फार, ते धुऊन, अगदी थोडे. आणि तो जेवत असताना कोणीही जवळ जायचं नाही, ताट उचलायचं नाही. ताटाला हात लावून बघण्याची, त्याला सवय व्हावी म्हणून मुद्दाम ताट काढून घेण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. त्याने कुत्रा ताट आणखी जपायला लागतो. भुऱ्याला दार लावून आत जेवू द्या.

आता मे महिना. मोहोर आत्ता धरलाय, म्हणजे हाताशी थोडे महिने आहेत. एवढ्या वेळात भुऱ्या पुष्कळ निवळेल, पण घरभर माणसं आणि पोरं असताना तो पोरांत मोकळा सोडण्याजोगा होईल असं मी सांगणार नाही. काही कुत्रे कधीच होत नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही. त्याला त्याची जागा असली आणि ती सगळ्यांनी मानली की तो सुखात राहतो. मंडळी येण्याआधीच जाळीच्या मुसक्याची सवय लावा. बैलाला घालतात तसलं आवळ नको, आणि तोंड बांधणारा कापडी पट्टाही नको. ज्यात त्याला तोंड उघडून धापता येतं, पाणी पिता येतं असं. पहिले काही दिवस नुसतं जमिनीवर ठेवून त्यात बांगड्याचा तुकडा टाका, त्याला स्वतःहून तोंड घालू द्या. मग क्षणभर बक्कल. मग थोडं चालणं. सवय नसताना ऐनवेळी जबरदस्तीने घातलंत तर ते काढण्यासाठीच तो चावेल.

पाहुणे उतरतील तेव्हा भुऱ्या मागच्या बंद जागेत, हाडूक चघळत, दाराला कडी. ज्या दारातून पोरं ये-जा करतात त्यापेक्षा दुसरं दार त्याला. सकाळचं फिरणं पोरं उठायच्या आत. पुतण्याला मात्र या सगळ्यातून वगळू नका. त्याच्या मनात भीती बसली असेल, किंवा आपल्यामुळे भुऱ्याला मार बसला ही टोचणी असेल; मुलं असं मनात ठेवतात. त्याला समोर बसवून सांगा की चूक तुझी नव्हती आणि भुऱ्याचीही नव्हती, जेवणाऱ्या आणि बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही हे आम्ही मोठ्यांनी तुला सांगायला हवं होतं. कान मागे पाडलेला, नाक चाटणारा, डोळ्याचं पांढरं दाखवणारा कुत्रा कसा दिसतो ते त्याला लांबून दाखवा. नऊ-दहा वर्षांची पोरं हे मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. त्याची इच्छा असेल तर जाळीबाहेर, दहा हातांवरून, तुम्ही शेजारी असताना, त्याला माशाचे तुकडे आत टाकू द्या. मिठी नाही, हात नाही. भुऱ्या उठून आत निघून गेला तर त्या दिवसापुरतं तेवढंच. त्याला जाऊ द्या.

यातलं काही करताना त्याने पुन्हा कोणाला चावा घेतला, किंवा अंगावर येणं कमी न होता वाढत गेलं, तर एकट्याने पुढे रेटू नका. पशुवैद्यांना पुन्हा भेटा. अशा कुत्र्यांसाठी भीती कमी करणारी औषधं असतात, ती माणसाची औषधं घरच्या घरी देऊन नव्हे, त्यांनीच वजन बघून द्यायची. त्या औषधांच्या जोडीने हेच सगळं पुन्हा, अधिक लांबून, अधिक सावकाश सुरू करता येतं. जाताना भुऱ्या कुठे, कोणासमोर, काय चालू असताना भुंकला किंवा अंगावर आला याची तारीखवार वही बरोबर न्या. आजच सुरू करा ती. पहिली नोंद रात्रीच्या भुंकण्याची करा: किती वाजता, कुठल्या दिशेला तोंड करून.